संसाराचा संच

स्टीलच्या नव्या कळश्यांत मांडवाच्या पिवळ्या कापडाचं प्रतिबिंब वाकडंतिकडं दिसत होतं. सामूहिक विवाहात माझी ड्यूटी या कळश्या मांडलेल्या टेबलाशी लागली होती. लग्न लागलं की जोडप्याला सरकारकडून संसाराचा संच मिळतो. कुकर, कळशी, परात, ताटं-वाट्या. मी शाळेत शिकवते. असल्या कामांना आम्हालाच बोलावतात.

पहिल्याच नवरीच्या आईने माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि मुलीचा हात मागे घेतला. "बाई, राग मानू नका. सवाष्णीच्या हातून द्या ना."

राग आला नाही. काहीच आलं नाही. मग मी संच उचलून शेजारी उभ्या असलेल्या सवाष्ण सुनंदाबाईंकडे द्यायचा आणि त्यांनी नवरीकडे, असं दुपारभर चाललं.

सरकार काही वाईट करत नाही. दोघांना पाणी भरायला कळशी लागतेच. एकटीला तहान लागत नाही, असंही कुणी म्हटलेलं नाही. तिच्यापर्यंत विचार पोचलेला नाही, एवढंच. आपण कुणाला नकार देतोय असं सरकारला वाटत नसेल; मीही लग्न केलं नाही तेव्हा कुणाला नकार दिला असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी एक संच उरला. एक मुलगी मांडवात आलीच नव्हती. तिची मावशी हळूच म्हणाली, "सकाळी नको म्हणाली. लग्नच नको म्हणते."

साहेब म्हणाले, "लग्नाशिवाय देता येत नाही. परत पाठवा."

तो संच टेम्पोत मीच चढवला. तेव्हा मात्र सवाष्णीची आठवण कुणाला झाली नाही.