गोळी लवकर बुडाली

करपलेल्या पाकाचा वास आला की साखर कारखान्यातली ती दुपार आठवते. साखर काढल्यावर उरणाऱ्या, टाकीत साठवलेल्या मळीचा दाटपणा मोजायला मी काचेच्या उंच नळीत पोलादी गोळी सोडायचे आणि ती तळाला जायला लागणारा वेळ बघायचे. एरवी रेंगाळणारी गोळी त्या दिवशी झर्रकन बुडाली. आमच्या केमिस्ट बाईंनी नळीला हात लावला. “मळी आतून तापून पातळ झालीय, टाकी फुटेल. खाली कोण बसलंय?” आम्ही धावलो. टाकीच्या सावलीत कर्जतकडच्या ऊसतोडीच्या बाया जेवत होत्या. “एवढी भाकर खाऊ द्या की, ताई,” एक म्हणाली. बाईंनी तिला दंडाला धरून ओढलं. सगळ्या रस्त्यापलीकडे पोचल्या तोच पत्रा फाटला आणि वाफाळती मळी त्यांच्या भाकरींवरून गेली. शेजारी तशीच दुसरी टाकी उभी होती. तिच्याकडे बघत बाईंनी विचारलं, “हिची गोळी किती वेळात बुडाली?” ती मी अजून सोडलीच नव्हती.