पदराखालचे हात

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दवाखान्याची पाटी नवी होती, नळ मात्र दुष्काळानं कोरडे. मी तिथं ड्रेसर होतो. निलंग्याकडची एक बाई दर मंगळवारी यायची, दोन्ही हात पदराखाली झाकून. बाहेर काढले की नखं चिंचोक्यासारखी जाड, वेडीवाकडी दिसायची. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर. लहानपणापासूनची बुरशी. मी जांभळं औषध लावायचो आणि दर वेळी सुनावायचो, "बाई, जरा स्वच्छ राहत जा."

ती मान हलवायची. एकदाच म्हणाली, "प्यायच्या घागरीतलं पाणी घेऊन धुते, साहेब. घरचे लई बोलतेत."

मग नवे डॉक्टर आले. त्यांनी आधी घरची नाती विचारली. तिच्या आईचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं. डॉक्टर म्हणाले, "हा दोष जन्माचा आहे, आईबापाकडून आलेला. बुरशीशी लढायची ताकदच अंगात नाही. घाणीचा काही संबंध नाही."

मी मान खाली घातली. ती मात्र हसली. "म्हंजी मी घाण न्हाई?" मग हळूच म्हणाली, "पण पोरीची सुपारी फुटली की. माझ्याच सख्ख्या भावासंगं."

"मोडा ते. तिच्या लेकरांत हेच उतरू शकतं."

"बाहेरचे पाव्हणे माझे हात बघून चहा न घेता उठतेत, डाक्टरसाहेब. घरच्याबिगर तिला करून घेणार कोण?"

माझं तिच्या एका हाताला औषध लावून झालं होतं. तिनं दुसरा हात माझ्यापुढं केला.