मामांची वाहून गेलेली माती

पृथ्वी देवानं निर्माण केली असेल, पण रेणापूरच्या बाजूला तिची देखरेख त्यानं आपल्याकडेच सोपवली आहे, याबद्दल आमच्या धाकट्या मामांच्या मनात कधीच शंका नव्हती. त्यांच्या रानातून चिमूटभर माती बाहेर न्यायची कुणाला परवानगी नसे. पाहुणे निघाले की मामा बांधावर उभे राहून एकेकाची चप्पल झटकून घेत. एकदा मी लातूरहून नवी मोटारसायकल दाखवायला गेलो. गाडीचं कौतुक राहिलं बाजूला, निघताना त्यांनी दोन्ही चाकांतला चिखल काडीनं कोरून काढला आणि वर मलाच विचारलं, "लातूरला न्हेऊन काय पेरणार हायस का?"

दगडांवरही त्यांचा तेवढाच जीव. रानाच्या वरच्या अंगाला एक मोठा काळा धोंडा आहे. त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मामांच्या भाषेत तो धोंडा 'पिकायला' लागला आहे. त्याचा मुरूम होणार, मग मुरुमाची माती. मामेबहिणीला बघायला उदगीरची मंडळी आली, तेव्हा मामांनी पोहे निवू दिले आणि सगळ्यांना धोंड्यापाशी नेलं. मंडळींना वाटलं, इथून आता जमीन दाखवतील. मामा तासभर धोंडाच दाखवत राहिले. सोयरीक तरीही जमली. त्याचं श्रेय मामी अजून पोरीच्या रूपाला देते आणि मामा धोंड्याला.

या वेडाचं मूळ मात्र हसण्यासारखं नव्हतं. तरुणपणी, बैल सारखे वळवावे लागू नयेत म्हणून मामांनी वरचा तुकडा उताराच्या दिशेनं नांगरला. नांगराची तासं लांबलचक, सरळ, गावानं वाखाणली. मग एका दुपारच्या पावसात सगळी माती त्याच तासांतून ओढ्याकडे वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. आजोबा नुसते ओढ्यापर्यंत जाऊन आले. ते रागावले असते तर मामा सुटले असते, असं मला वाटतं.

तेव्हापासून मामा ती माती परत आणत आहेत. उताराला आडव्या, माती अडवणाऱ्या दगडांच्या ताली रचल्या, त्यांच्या कडेनं गवत लावलं. बाकीचे लोक बांध कोरून कोरून आपलं रान वाढवतात. मामा स्वतःच्या रानात मागे सरकत बांध रुंद करत. त्यामुळे शेजारी त्यांना देवमाणूस समजत आणि मामी खुळं. उन्हाळ्यात बैलगाडी घेऊन ते खालच्या रानातल्या तात्यांकडे जात, कारण वाहून आलेला गाळ तात्यांच्याच ओघळीत साचे.

"अण्णा, ही माती तुमचीच कशावरून?" तात्या दरवर्षी मामांना विचारत.

मामा मूठभर माती हुंगत. "माझ्या खताचा वास हाय की हिला. हाव का न्हाई?"

तात्या हसत आणि स्वतःच घमेलं भरू लागत.

परवा गेलो तर मामा काठी टेकत मला त्या वरच्या तुकड्यात घेऊन गेले. आता त्यांना वाकवत नाही. "खंद," म्हणाले. मी टिकाव घातला. वीतभर काळी माती निघाली, मग मुरूम लागला. मामांनी काठी खड्ड्यात उभी धरून मातीचा थर मापला. आमच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, पुरतात. आणि मामांनी आपली जागा याच तुकड्यात ठरवली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"लई थोडी हाय रं," ते म्हणाले. "माझ्या अंगावर घालायला पुरायची न्हाई. आनखी काही साल थांबावं लागंल."

मी हसलो. एवढी वर्षं त्यांच्यासाठी मीही मनातल्या मनात हेच मागत होतो की, त्या तुकड्यावर लवकर माती चढू दे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, सावकाश चढू दे. अगदी सावकाश.