तारेने खाल्लेली ऊब

माझ्या साडूने मला फसवलं. तांब्याची म्हणून त्याने ॲल्युमिनियमची तार दिली आणि त्या तारेपायी माझ्या बायकोची दोनशे पिल्लं गारठून मेली. दोष मात्र अजून माझ्याच माथी आहे.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नांदुऱ्यात त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मी वडनेर भोलजीचा, भाजी पिकवतो आणि विकतोही. शाळा नववीत सुटली. जे उभं केलं ते जिभेच्या आणि नखांच्या जोरावर. मिरचीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळची मिरची वर काढतो, मगच भाव बोलतो.

बायकोने गावरान कोंबड्या पाळायचं ठरवलं. तिचं स्वतःचं असं ते पहिलंच काम. शेड शेताच्या टोकाला, घरच्या मीटरपासून दोनशे मीटर. पिल्लांना ऊब द्यायला दोन हजार वॅटची शेगडी आणली आणि तारेसाठी दोघं साडूकडे गेलो. ‘तांब्याची, अडीचची,’ म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, असं मी स्पष्ट सांगितलं. भाव पाडला, तो मी नेहमीच पाडतो. साडू लगेच कबूल झाला, तिथेच मला शंका यायला हवी होती. टोक सोलून खरवडून पाहायला मी चाकू काढला, तर बायकोने माझं मनगट धरलं.

“खरवडू नका. ताईच्या घरचं हाये. काय म्हनतीन ते?”

“पाहू द्या वो त्याईले,” साडू तिला म्हणाला. “मडकं वाजवून घेनारा मानूस हाये. तुमालेबी वाजवूनच नेलं असन!”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी चाकू मिटला. सोयऱ्याच्या मालाला नख लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती आयुष्यात एकदाच पाळली. तार जोडायलाही साडू स्वतः आला. टोकं त्यानेच सोलली, टेपही त्यानेच गुंडाळली. मी चहा आणायला घरात गेलो होतो.

शेगडीची कॉइल कधी धड लाल झालीच नाही. पिल्लं तिच्याखाली एकमेकांवर चढायची, ढीग करायची, आणि सकाळी खालची मेलेली असायची. चौथ्या दिवशी शेड रिकामं झालं. बायको टोपलं भरून उचलत होती. मी हात लावायला गेलो तर तिने टोपलं बाजूला ओढलं.

पुढे एका बारशात साडू चारचौघांत बोलला, “सस्त्या भावात सस्तीच गरमी भेटते, पाहुने!” सगळे हसले. बायको पंगतीतून उठली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “तुमाले सारं पाडूनच लागते.”

मुलगी बुलढाण्याला कॉलेजात शिकते. सुट्टीत ती वीज मोजायचा मीटर घेऊन आली. आधी तिने शेगडीचा रोध मोजला. साडेसव्वीस ओहम. मग मेन स्विच बंद करून, तार दोन्हीकडून सोडवून, शेडकडची दोन टोकं एकमेकांना जोडली आणि घराकडच्या टोकांवर मीटर लावला. आठ ओहम.

“जाऊन-येऊन चारशे मीटर तार झाली, बाबा. अडीचच्या तांब्याची असती तर तीनच्या आसपास दिसला असता.”

तिने टोक चाकूने खरवडलं. वरचा तांब्याचा रंग निघाला, आत पांढरा धातू. जाडीही दीडचीच.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिने गणित मांडलं. साडेसव्वीस आणि आठ, साडेचौतीस. दोनशेतीस व्होल्टला साडेचौतीसने भागलं, पावणेसात ॲम्पियरपेक्षा थोडं कमी. म्हणजे शेगडीपर्यंत पोचतात पावणेदोनशेच्या वर एक-दोन व्होल्ट.

मी म्हणालो, “म्हंजे चारातले तीन हिस्से पोचले. मंग गरमीबी तीन हिस्से भेटाले पाह्यजे. पंधराशे वॅट.”

“नाही न, बाबा. दाब घटला का करंटबी घटते. दोन्हीकून घाटा. वॅट म्हंजे दोघाईचा गुणाकार.”

उत्तर बाराशेच्याही आत आलं. साडेतीनशे वॅट तर तारच वाटेत खात होती, मोकळ्या शेताला ऊब देत.

“आन् तांब्याची असती तं?”

“सोळाशे.”

म्हणजे तांब्यानेही खाल्लंच असतं. पण पिल्लं जगण्यापुरतं ठेवलं असतं.

मी ती पत्रिका बायकोपुढे ठेवली. तिने आकडे पाहिले, कागद उलटा केला, लग्न कोणाचं होतं ते वाचलं आणि म्हणाली, “भाऊजी असं करतीन काऊन? तुमीच एवढा भाव पाडला का त्याईले परवडलं नसन.”

परवडलं नसेल तर ‘नाही’ म्हणायचं होतं! मला रोज दहा जण ‘नाही’ म्हणतात. मी दुसऱ्या दुकानात गेलो असतो. भाव पाडणं ही घासाघीस आहे, ती समोरासमोर होते. वरून तांब्याचा रंग आणि आत दुसरंच, ही चोरी आहे. आणि ती त्याने माझ्या बायकोच्या हातात माझं मनगट असताना केली.

शेड अजून रिकामं आहे. तार मी काढलेली नाही, खरवडलेलं टोक तसंच उघडं ठेवलं आहे. मला दुसरी तार नको, भरपाई नको. साडूभाऊ, वडनेरला या. त्या शेडात माझ्या बायकोसमोर उभे राहा, ते टोक हातात धरा आणि तिला सांगा, मी काय मागितलं होतं आणि तुम्ही काय दिलं.