डावखुरा बीम

नव्वदच्या दशकात द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानावर आमचं छोटंसं ऑफिस होतं. देवळ्याकडच्या कांदा-व्यापाऱ्यांना लोखंडी शेड लागायच्या, त्यांची ड्रॉइंग आम्ही करायचो. साहेबांनी कॉम्प्युटर आणला आणि मला, नुकत्याच डिप्लोमा झालेल्या पोरीला, फर्मावलं, "बीम, चॅनल, अँगल, सगळं एका बटणावर निघालं पाहिजे. काकांना विचारून प्रोग्रॅम लिही."

काका म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन. तीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघा ओढलेला डावखुरा माणूस. ओल्या शाईवर हात फिरू नये म्हणून ते प्रत्येक बीम उजवीकडून सुरू करत. पंधरा दिवस ते शेजारी बसून सांगत गेले आणि मी त्यांचा क्रम जसाच्या तसा उतरवला: उजव्या कडेपासून सुरुवात, कोपऱ्यांच्या गोलाया अगदी शेवटी. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, पण मला मशीनचं वेड लागलं होतं. दिवाळीनंतर साहेबांनी त्यांना घरी बसवलं. होळीच्या आत ते गेले.

त्यांची कंपासपेटी न्यायला काकू आल्या, तो बुधवार होता. हातात बाजाराची पिशवी. माझ्या स्क्रीनवर बीम उमटत होता. ते मशीन इतकं मंद की एकेक रेघ येताना दिसे. काकू बघतच राहिल्या.

"उजवीकडून," त्या म्हणाल्या. मग हळूच, "आता थांबतील."

रेघा थांबल्या. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग गोलाया आल्या.

"पेन खाली ठेवून कंपास उचलतात ना," काकूंनी मला समजावलं. रविवारी काका घरी खासगी कामं करत, तेव्हा त्या समोर भाजी निवडत बसायच्या.

ते थांबणं मी लिहिलेलंच नव्हतं. "गोलाईचा हिशेब करायला मशीनला वेळ लागतो, काकू," मी म्हणाले.

"ह्यांनाही लागायचा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या दर बुधवारी येऊ लागल्या. पिशवी मांडीवर घेऊन एक बीम बघायच्या आणि जायच्या. ऑफिसातले लोक 'बुधवारचं दर्शन' म्हणून चेष्टा करत. एकदा त्या मशीनशेजारी दोन पेरू ठेवून गेल्या. चेष्टा करणाऱ्यांपैकी एकानंही त्या पेरूंना हात लावला नाही.

काही वर्षांनी नवं मशीन आलं आणि जुनं भंगारात गेलं. आता बीम डोळ्याचं पातं लवायच्या आत उमटायचा. काकूंना काय दाखवू? मंगळवारी बसून मी प्रोग्रॅममध्ये मुद्दाम थांबे घातले: प्रत्येक रेघेनंतर थोडा, गोलायांआधी सहा सेकंद.

बुधवारी काकूंनी पूर्ण बीम बघितला आणि त्या उठल्या. "हे ते नाहीत," त्या म्हणाल्या. "ही तू आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण आता मी नाही यायची."

चोरी पकडल्यासारखं झालं मला. त्या जिना उतरल्या तशी मी रागारागानं माझे सगळे थांबे पुसून टाकले आणि बटण दाबलं. सरळ रेघा एका झटक्यात आल्या. कोपरे मात्र रिकामे. पाच-सहा सेकंद. मग गोलाया आल्या.

मी धावत खाली गेले. काकू चौक ओलांडत होत्या. हाक ओठावर आली, आणि मनात आलं: त्या जिना चढून वर आल्या आणि ते पुन्हा थांबलंच नाही तर? एकदा काका गेले तेव्हा, एकदा माझ्या खोटेपणामुळे, दोनदा त्यांनी तो माणूस गमावला होता. तिसऱ्यांदा गमावायला मी त्यांना बोलावणार होते.

मी हाक मारली नाही. मारायला हवी होती, असं मला अजून दर बुधवारी वाटतं.