सर्दीतला श्वास

पट्टा निसटल्यामुळे गिरणी थांबली होती, म्हणून रेडिओ ऐकू येत होता. जुनं गाणं लागलं. बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या शालिनीताईंनी मध्येच बोट उचललं आणि हसल्या.

"हा श्वास ऐकलास? शब्द तोडून घेतलाय. तो माझा."

ताई तरुणपणी स्टुडिओत ट्रॅक गायच्या. आधी ताईंनी गायचं, ते ऐकून मोठ्या गायिकेनं चाल बसवायची आणि मग ताईंचा आवाज पुसून तिचा भरायचा. त्या दिवशी ताईंना सर्दी होती, दम पुरला नाही. ते ऐकून गायिकाबाईंना वाटलं, चालच तशी आहे.

"मग सांगितलं नाहीत?"

"सांगणार होते गं. पण त्यांनी तो इतका गोड घेतला!"

मला आईची पोळी दुमडायची लकब आठवली. ती माझ्या हातात कधी आली, मला कळलंही नव्हतं. आपण जपून ठेवलेलं पुसलं जातं आणि नकळत सांडलेलं कुणाकुणाकडे राहून जातं.

ध्रुवपद परत आलं. पट्टा चढवता चढवता गिरणीवालाही गुणगुणू लागला आणि नेमका तिथेच, शब्द तोडून, त्यानं श्वास घेतला.