घरात याल ते कोरडे याल

ताईचा फोन आला तेव्हा अमरावतीला पाऊस लागलेला होता. ती म्हणाली, "तुये भाऊजी गेले वं." आणि मी, देवाशपथ सांगते, विचारलं, "इतक्या पावसात? कोणत्या तलावावर?" पलीकडून ती परत म्हणाली, "गेले वं," तेव्हा मला कळलं. दुपारी जेवून पडले होते, चहाला उठवायला गेली तर उठले नाहीत. त्या प्रश्नाची लाज मला बरेच दिवस वाटत होती. तेराव्याला ताईनेच तो सगळ्यांना सांगितला आणि सांगताना हसली, तेव्हा कुठे माझा जीव हलका झाला.

मधुकरराव, म्हणजे आमचे भाऊजी, अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे गळाला लागले. तेल्हाऱ्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एक तलाव आहे, तिथे स्कूटर घेऊन जायचे, दिवसभर बसायचे आणि जे सापडेल ते तिथल्या मासेमार भोयांना देऊन रिकाम्या हाताने परत यायचे. ताई माळकरी, तिच्या घरात मासा येणं शक्यच नव्हतं. तेवढ्यावर दोघांचं जमलेलं होतं. पण एका श्रावणात भाऊजी तिथे दिवसभर भिजले आणि त्याचा निमोनिया झाला. चांगले आठ-दहा दिवस दवाखान्यात राहिले. घरी आणल्यावर ताईने गळाची काठी माळ्यावर टाकली नाही, रडली नाही, फक्त एक वाक्य बोलली. "तलावावर जा, मी नाही म्हनत नाही. पन घरात यासान ते कोरडे यासान. एक डाव जरी ओले आले, त काठी चुलीत."

तिथून भाऊजींच्या आयुष्यातली खरी शोधाशोध सुरू झाली. मी विमा कचेरीतून सुट्टी मिळाली की अकोल्याला जायची. ताई दुकानात यायला तयार नसे, म्हणून माझी वरात त्यांच्यासोबत. जुन्या शहरात ताडपत्री आणि रेनकोट विकणारे एक हाजीसाहेब होते. त्यांच्यासमोर भाऊजी रेनकोट उलटा करून आतली शिवण बोटाने अशी चाचपायचे, जसा कापसाचा पेळू चाचपतात. "शिवनीवर पट्टी नाही, इथून पानी येईन." हाजीसाहेब वैतागून म्हणायचे, "भाऊ, रेनकोट ले रहे हो के जावई पाहून राहिले?" भाऊजी शांतपणे म्हणायचे, "जावई भिजला त चालते."

विकत आणलेल्या प्रत्येक रेनकोटाची घरी परीक्षा व्हायची. भाऊजी कॉलरखाली, बाह्यांत आणि खिशांत कापसाचे छोटे बोळे ठेवत, न्हाणीत स्टुलावर बसत आणि वरून शॉवर सोडत. ताई दार वाजवून विचारायची, "अवो, अंघोय करून राहिले का रेनकोट घालून?" ते आतून म्हणायचे, "टेस्टिंग चालू हाय." मग बाहेर येऊन एकेक बोळा माझ्या तळहातावर पिळायचे. पहिल्या रेनकोटात कॉलरचा बोळा चिंब निघाला, कारण टोपी वेगळी होती आणि पाणी मानेतून उतरत होतं. दुसरा जाड रबरी होता. त्यातले सगळे बोळे कोरडे! भाऊजी जग जिंकल्यासारखे तलावावर गेले आणि संध्याकाळी घामाने असे निथळत आले की ताईने पाठीला हात लावून निकालच दिला.

"भिजले."

"हा घाम हाय, पानी नाही."

"मले काय त्याचं? ओलं ते ओलं."

काठी त्या दिवशी वाचली ती केवळ मी मध्ये पडल्यामुळे. त्यानंतर गमबूट आले. पँट बुटात खोचली, तर पँटवरचं सगळं पाणी बुटात उतरलं आणि भाऊजी भरल्या पखालीसारखे जड पाय टाकत घरी आले. पँट बुटावरून सोडायची, हे शहाणपण असं आलं. शेवटी त्यांच्या पुण्याला असलेल्या मुलीने ऑनलाइन मागवलेला जॅकेट-पँटचा जोड आला, आतला दमटपणा बाहेर सोडणारा आणि बाहेरचं पाणी आत न घेणारा. भाऊजींना तो चिखलाच्या रंगाचा हवा होता, म्हणजे मासे बिचकणार नाहीत. ताईने मुलीला परस्पर फोन करून नारिंगी मागवला. म्हणाली, "माशाले दिसले त दिसू द्या. तुमी पान्यात पडले त मानसाले दिसाले पायजे." तलावावरचे भोई त्यांना 'संत्रेवाले काका' म्हणू लागले. पण त्या जोडात भाऊजी कोरडे यायला लागले. दोन पावसाळे ताईचा हात त्यांच्या पाठीवर फिरायचा आणि कोरडा परत यायचा.

मग ती महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, आधीची दुपार. मी ताईला फराळाचं करू लागायला आले होते आणि भाऊजींनी मला उगाच तलावावर सोबत नेलं होतं. परतताना पाऊस असा आला की समोरचं दिसेना. रस्त्याच्या कडेला मोटरसायकल थांबवून एक कुंभार जोडपं उभं होतं. बाईच्या हातात पाटी, पाटीत महालक्ष्म्यांचे मातीचे मुखवटे, बाजारात न्यायचे. वरचं प्लास्टिक वाऱ्याने फाटलं होतं आणि ती बाई ओणवी होऊन स्वतःच्या अंगाने पाटी झाकत होती. आसपास झाड नाही, टपरी नाही. भाऊजींनी स्कूटर थांबवली, नारिंगी जॅकेट काढलं आणि पाटीवर घालून बाह्या खालून बांधल्या.

"दादा, तुमी भिजसान," बाई म्हणाली.

"मी वाळतो. याईचा रंग गेल्यावर काय करसान?" घरचा पत्ता सांगून ते स्कूटरवर बसले. माझ्या रेनकोटाचा अर्धा भाग मी त्यांच्यावर ओढायला गेले, तर म्हणाले, "राहू दे, आता दोघंही ओले कायले?" सगळी वाट मी मनातल्या मनात काठीचे तुकडे पाहत होते, आणि त्याहून जास्त तो दवाखाना.

भाऊजी उंबरठ्याच्या बाहेर उभे राहिले. अंगातून पाण्याच्या धारा. ताईने खालून वर पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "महालक्ष्म्या भिजून राहिल्या होत्या वं रस्त्यात. त्याईले देऊन आलो."

ताईने एवढंच विचारलं, "त्या कोरड्या गेल्या न?"

"गेल्या."

"मंग या आत."

आणि तिने स्वतः टॉवेल आणून, लहान पोराचं पुसावं तसं त्यांचं डोकं खसाखसा पुसलं. काढा दिला, छातीला तेल चोळलं. त्यांना साधी शिंकही आली नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी ते जोडपं जॅकेट द्यायला आलं, तर ताईने दोघांना सोळा भाज्यांच्या पंगतीत बसवलं. जॅकेटच्या आत मुखवट्यांच्या गालांचा गुलाबी रंग लागला होता. तो तिने कधी धुतला नाही. काठीचा नियम मात्र तसाच राहिला. "देवीसाठी भिजले म्हनून सोडलं," असं ती बजावून सांगायची.

परवा ताईनेच मला बोलावलं. म्हणाली, "मले तो तलाव दाखव." इतक्या वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. आधी तिला रेनकोट घ्यायला गेलो. हाजीसाहेबांचा मुलगा शिवणीवरची पट्टी दाखवायला लागला, तशी ती म्हणाली, "तो जांभळा दे," आणि संपलं. तलावाच्या काठी भाऊजी बसायचे तो दगड मी दाखवला. ताई त्यावर बसली. पाऊस बारीक पडत होता. तिने हळूच विचारलं, "इथं बोलाचं नसते न?"

"नाही. मासे पळतात."

ताई गप्प बसली. उभ्या आयुष्यात मी तिला इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. पाण्यावर थेंब पडत होते, पलीकडे डोंगर दिसत नव्हता. मग तिने रेनकोटाची टोपी मागे सारली.

"गेले असतीन आता मासे," ती म्हणाली. "बोलू का?"

आणि लग्नात ते पहिल्यांदा कसे दिसले, तिथपासून तिने सुरुवात केली.